लॅब्रॅडॉरच्या खुब्याचे निदान आणि गुंगीचा आग्रह

आमची चिंगी आठ महिन्यांची लॅब्रॅडॉर आहे. धावताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारत जाते, उठताना सगळा भार पुढच्या पायांवर घेते आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीशी थबकते. ‘वाढीचं वय आहे, होईल सरळ’ असा धीर देणारे पुष्कळ भेटले. परंतु ही लक्षणे एकत्र दिसू लागली, की खुब्याची तपासणी लांबणीवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा लक्षणांमागे बहुधा असणाऱ्या हिप डिस्प्लेसिया या खुब्याच्या विकारात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत घट्ट बसत नाही. या सैलपणामुळे वाढत्या वयात खोबण उथळ होत जाते, कूर्चा (सांध्यातले हाडांवरचे गुळगुळीत आवरण) झिजते आणि पुढे संधिवात जडतो. दोष मुळात आनुवंशिक असला, तरी पिल्लाला भरमसाट खाऊ घालून त्याचे वजन झपाट्याने वाढवले, तर त्यात भर पडते.

कुत्रे जागे असताना स्नायू सांध्याला आवळून धरतात, त्यामुळे नेमका हा सैलपणाच लपून राहतो. पहिल्या दवाखान्यात चिंगीला जागेपणीच दाबून धरून एक्स-रे काढला. त्यात कंबर एका कुशीला फिरलेली होती आणि एक खुबा चांगला, दुसरा वाईट असे फसवे चित्र उमटले. दुसऱ्या पशुवैद्यकांनी गुंगी देऊन आधी ऑर्टोलानी चाचणी केली. गुडघा धरून मांडी कण्याच्या दिशेने रेटली, की सैल माथा खोबणीबाहेर सरकतो. मग पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला नेला, की तो खट्कन आत परततो. तो झटका डॉक्टरांच्या बोटांना दोन्हीकडे जाणवला. (ही चाचणी मुळात ऑर्टोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या बाळांसाठी रूढ केली.) त्यानंतर उताणे झोपवून, पाय सरळ व समांतर ताणून काढलेल्या एक्स-रेत दोन्ही माथे खोबणीतून अर्धवट बाहेर आलेले दिसले.

वयाचे गणितही समजून घ्यावे. पेनहिप या खास एक्स-रे पद्धतीने सैलपणा सोळाव्या आठवड्यापासून मोजता येतो, तर अमेरिकेतील ओएफए ही संस्था खुब्यांचे अंतिम प्रमाणपत्र दोन वर्षांनंतरच देते. प्रजननासाठी तेवढे थांबणे योग्यच. उपचारासाठी मात्र नाही, कारण कटीचे हाड कापून खोबणीची दिशा बदलणारी शस्त्रक्रिया साधारण दहा महिन्यांच्या आत आणि संधिवात सुरू होण्यापूर्वीच उपयोगी पडते. चिंगीच्या सांध्यात संधिवाताची चिन्हे अजून नाहीत, म्हणून अस्थिशल्यचिकित्सकांची वेळ याच आठवड्यात घेतली आहे. तोवर तिचे खाणे मोजून देतो आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या आहेत.