चार बँड, एक ड्रमकिट: हॉलचे माइक आणि डेस्कचा फीड एकाच रेकॉर्डरवर

या रात्रीसाठी एकच ठरवलं होतं. हॉलमधले माइक आणि डेस्कचा फीड (साउंड मिक्सरमधून थेट तारेने येणारा आवाज) दोन्ही एकाच रेकॉर्डरवर घ्यायचे. चार स्थानिक बँड, लहान हॉल, बसकं छत, गुडघाभर उंचीचं स्टेज. अशा जागी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना डेस्कच्या फीडचं दुखणं माहीत आहे. गायक कानाशी येऊन बसतो, ड्रम शेजारच्या घरात वाजल्यासारखे वाटतात आणि गिटार शोधावी लागते. यात डेस्कवर बसलेल्याचा काही दोष नाही. लहान हॉलमध्ये स्नेअर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) आणि गिटारचा अँप मुळातच इतके मोठे असतात की त्यांना स्पीकरमधून वाढवावं लागत नाही. डेस्कमधून जातं ते मागे पडणारं: गायन, अकूस्टिक गिटार, कीबोर्ड, थोडा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). बाकीचं सगळं हवेत असतं आणि ते हवेतूनच धरावं लागतं.

त्यासाठी दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) कंडेन्सर माइक ओआरटीएफ या स्टिरिओ पद्धतीने लावले, म्हणजे कॅप्सूलमध्ये (माइकच्या आवाज टिपणाऱ्या भागांमध्ये) १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. लांब अंतरावर ठेवलेली जोडी हेडफोनवर छान वाटते, पण फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकलं की काही सूर एकमेकांना खातात. बँडची मंडळी तर फोनवरच ऐकणार. स्टँड सुमारे तीन मीटर उंच केला, म्हणजे जवळच्या गप्पा खाली राहतात. मागच्या भिंतीपासून मुद्दाम लांब राहिले. भिंतीलगत बेस साचतो आणि नंतर इक्वलायझरने कितीही कापला तरी तो गढूळपणा पुरता जात नाही.

एकाच रेकॉर्डरचा फायदा फाइल उघडल्याबरोबर कळला. दोन वेगळी यंत्रं असली की प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या चालीने चालतं. दहा लाखांत दहा भागांचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तासाभरात तो ३६ मिलिसेकंदांवर जातो, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत गायकाच्या प्रत्येक शब्दाला जुळा भाऊ भेटलेला असतो. आता घड्याळ एकच, त्यामुळे उरतो फक्त अंतराचा उशीर. माइक स्पीकरपासून आठ मीटरवर होते. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद. डेस्कचा ट्रॅक तेवढा मागे सरकवला आणि गायन जागेवर येऊन बसलं. हे अंतर स्पीकरपासून मोजायचं, ड्रमपासून नाही, कारण डेस्कच्या ट्रॅकवर मुख्य माल गायनाचा असतो. साउंडचेकच्या वेळी गायकाला माइकजवळ एक चुटकी वाजवायला सांगितली होती, ती दोन्ही ट्रॅकवर सुईसारखी दिसते. गर्दीने हॉल तापला तर वेग वाढतो हे खरं, पण ३० अंशांनाही आठ मीटरवर फरक अर्ध्या मिलिसेकंदाहून कमीच पडतो. त्याची चिंता सोडून द्या.

लेव्हलबद्दल थोडक्यात: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, साउंडचेकला पीक (सगळ्यात मोठा क्षण) −१८ डेसिबलच्या आसपास, शून्य म्हणजे रेकॉर्डरची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष कार्यक्रमात सगळेच जोरात वाजवतात, तेवढी जागा हवीच. चार चॅनलचा तासाला साधारण दोन गिगाबाइट डेटा होतो. भर आवाजात हेडफोनवर विसंबू नये, मीटर बघावा. आणि कानात प्लग घालावेत. १०० डीबीए (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) आवाजात १५ मिनिटं ही अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने सुचवलेली दिवसाची मर्यादा आहे, आणि चार बँडांची रात्र त्याच्या कितीतरी पुढे जाते.

आता बँड. पहिले दोन आवाज आणि एक अकूस्टिक गिटार. इथे डेस्कचा फीड जवळजवळ पुरेसा होता, हॉलचे माइक फक्त टाळ्यांना आणि थोड्या हवेला. दुसऱ्या बँडच्या गिटारवादकाने अँप खुर्चीवर ठेवून मागे कलता केला, थेट स्वतःच्या कानाच्या रोखाने. गिटारच्या स्पीकरचा वरचा, धारदार सूर सरळ रेषेत जातो, त्यामुळे अँप पायाशी असला की वाजवणाऱ्याला तो ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो आणि समोरच्या रांगेच्या कानठळ्या बसतात. याने वाढवला नाही, उलट कमी केला. रात्रीतलं सगळ्यात सुंदर रेकॉर्डिंग याच बँडचं झालं आणि मला त्यात जवळपास काहीच करावं लागलं नाही. मिक्सिंगचं अर्धं काम स्टेजवरच होतं, ही खात्री आता पक्की झाली.

तिसरा बँड सगळ्यात जोरकस, त्याच्यासाठी हॉलचा ट्रॅक मुख्य आणि डेस्कचा फक्त शब्द कळण्यापुरता. चौथ्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन होते, दोन्ही विनामाइक. डेस्कच्या फीडमध्ये ती वाद्यं गायकाच्या माइकमध्ये सांडलेली तेवढीच. हॉलच्या ट्रॅकवर मात्र ती अंगभर भरलेली आहेत, डावी-उजवी जागाही स्पष्ट कळते.

ज्यावर मी पुन्हा पुन्हा जाते आहे ते वेगळंच आहे. चेंजओव्हरचा (दोन बँडमधल्या सामान बदलण्याचा) वेळ वाचावा म्हणून चौघांनी एकच ड्रमकिट वापरलं. तेच ड्रम, तोच हॉल, माइकची जागाही तीच. तरी चार वेगळी किट वाजल्यासारखं ऐकू येतं. दुसऱ्या बँडचा ड्रमर सिंबल हलके आणि स्नेअर ठाम वाजवतो, त्यामुळे ड्रम आपोआप संतुलित होतात. तिसऱ्याचा हाय-हॅटवरचा (पायाने उघड-मीट होणाऱ्या सिंबलच्या जोडीवरचा) हात इतका जड की गायनाच्या वरच्या सुरांवर पडदा येतो, आणि तो मिक्सरच्या कुठल्याच फेडरने (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीने) उचलता येत नाही. ड्रमचा आवाज हातात असतो हे ऐकून होते. एकाच टाइमलाइनवर चार पुरावे शेजारी ठेवून ऐकण्याचा आनंद निराळा.

कच्चे मिक्स चारही बँडना पाठवले आहेत. त्यांनी होकार दिल्याशिवाय कुठेच टाकणार नाही. रेकॉर्डरवर अजून दोन चॅनल रिकामे आहेत. पुढच्या वेळी तिथे स्टेजच्या कडेला, जमिनीलगत, दोन बाउंड्री माइक (जमिनीवर सपाट ठेवायचे माइक) लावून बघायचे आहेत. ड्रमचा जवळचा ठोका मिळावा आणि स्पीकरमधलं गायन त्यात कमीत कमी यावं, एवढीच अपेक्षा.