विहिरीवरची नोंदवही, भाग ४: तोटीला जोर नाही

जानेवारीच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की प्रेशर टाकी बसवून झाली, आता न्हाणीघरातला शॉवर शहरातल्यासारखा चालतो. मे लागला आणि तोरा उतरला. शॉवरखाली उभं राहिलं की एक खांदा भिजतो, दुसरा कोरडा.

मागचे भाग न वाचलेल्यांसाठी मांडणी थोडक्यात. रत्नागिरीजवळचं कौलारू घर, स्लॅब नाही, म्हणून डोक्यावर टाकी ठेवायची सोय नाही. जांभ्यात खोदलेली ४२ फुटी विहीर. १ एचपीचा पंप विहिरीच्या आत १५ फुटांवर, चिऱ्यांत बसवलेल्या लोखंडी अँगलवर. वर पडवीत २४ लिटरची प्रेशर टाकी. आत रबरी फुगा, फुग्यात पाणी, फुग्याबाहेर हवा. स्विच १.२ किलोला पंप चालू करतो, २.२ ला बंद.

आईचं म्हणणं, रहाट होता तेव्हा बरं होतं. रहाट अजून आहे, असं मी म्हटलं. तर तिने बादली माझ्याच हातात दिली.

पहिला शनिवार. काहीही उघडायच्या आधी मोजमाप. न्हाणीघरातल्या तोटीखाली १५ लिटरची बादली आणि मोबाईलवर वेळ. जानेवारीत ५० सेकंद लागले होते (तेव्हा लिहून ठेवलं म्हणून बरं), आता १ मिनिट ५० सेकंद. पडवीतला काटा १.४ वर जाऊन तिथेच थरथरत राहतो. २.२ येतच नाही, म्हणजे पंप बंद व्हायचं नाव घेत नाही. दोरीला दगड बांधून पाणी मोजलं तर ३७ फुटांवर. खाली जेमतेम पाच फूट पाणी, आणि पंपापासून पाण्यापर्यंत २२ फूट ओढ.

हा आकडा महत्त्वाचा आहे. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त पाइपातला दाब कमी करतो. पाणी वर ढकलतं ते बाहेरचं वातावरण. शाळेत शिकलेला ७६ सेंटीमीटर पारा म्हणजे पाण्याचे १०.३ मीटर. ही झाली कागदावरची हद्द. पाइपातलं घर्षण, फूटव्हॉल्व्ह (ओढीच्या पाइपाच्या तळाची जाळीवाली एकतर्फी झडप), वळणं वजा जाता हातात ७-८ मीटर उरतात. माझे २२ फूट म्हणजे ६.७ मीटर. जानेवारीत पाणी बरंच वर होतं, त्यामुळे बारीकसारीक खोट खपून जात होती. आता काही खपत नाही.

शेजारचे काका त्याच दिवशी आले होते. पायरीवर बसल्या बसल्या दोन मिनिटं पंपाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "हवा धरतोय रे तुझा पंप. आत खडे फिरल्यासारखा वाजतोय." मी मान डोलावली आणि व्होल्टेज मोजायला गेलो.

व्होल्टेजवर माझा फार संशय होता. संध्याकाळी १८२ भरलं, म्हटलं सापडला चोर. पण दुसऱ्या दिवशी सकाळी २३१ असतानाही बादलीला तेवढाच वेळ. स्टॅबिलायझरचे पैसे वाचले.

मग फूटव्हॉल्व्ह. (आमच्याकडे त्याला सरसकट फुटबॉल म्हणतात. लहानपणी मला खरंच वाटायचं की विहिरीच्या तळाशी एक फुटबॉल आहे.) पाइप वर ओढला तर जाळीवर तांबूस-तपकिरी बुळबुळीत साय. जांभ्यातलं लोह पाण्यात उतरतं, त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा हा चिकटा. आमचं पाणी कळशीत स्वच्छ दिसतं आणि रात्रभर ठेवलं की तळाला तांबडा गाळ धरतं, ते याच लोहामुळे. तारेच्या ब्रशने जाळी घासली, आतली झडप नीट बसते का पाहिलं. पुन्हा बादली: १ मिनिट ४० सेकंद. अर्धा दिवस घालवून दहा सेकंद मिळाले.

इथे मी जवळजवळ दीड एचपीचा पंप मागवणार होतो. मागवला नाही याचं श्रेय काचेच्या एका पेल्याला. स्वयंपाकघरात प्यायला पाणी घेतलं तर ते ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं. ओट्यावर ठेवलं आणि बघत राहिलो. गाळ असता तर तो खाली बसून पाणी वरून निवळलं असतं. हे खालून वर निवळत गेलं. तळ आधी स्वच्छ, मग मध्य, शेवटी वरची बोटभर पांढरी रेघ, तीही विरली. बुडबुडे. पाण्यात हवा होती. काकांना चहाला बोलवावं लागणार हे तेव्हाच कळलं.

ओढीच्या बाजूची गळती दिसत नाही, हीच तिची खोड. तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि सांधा बाहेरून कोरडा ठणठणीत. दीड एचपीने तीच हवा अजून जोरात ओढली असती.

दुसरा शनिवार. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवला, कमरेला दोर, वर चुलतभाऊ. संशयित सांधे तीन: पंपाच्या तोंडचा युनियन (खोलता येणारा जोड), एल्बो (वळणाचा तुकडा), आणि रिड्यूसर (जाड-बारीक पाइप जोडणारा). युक्ती अशी की एका वेळी एकाच सांध्यावर जाड ग्रीस थापायचं, वर यायचं, फ्यूज लावून पंप चालवायचा आणि काटा बघायचा. एल्बोला काही फरक नाही. रिड्यूसरलाही नाही. युनियनला काटा १.४ वरून सरकत १.९ वर गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली आला. परत उतरून बघतो तर ग्रीसच्या थरात बेंबीसारखा एक खळगा, आत ओढला गेलेला. आतला रबरी वॉशर कडक होऊन एका बाजूला चिरला होता. चीर नखाएवढी. नवा वॉशर टाकला, बाकी दोन सांध्यांचे आटेही खोलून धागा-सफेदा लावून पुन्हा आवळले. बादली: ५५ सेकंद. पेल्यातलं पाणी पहिल्यापासून स्वच्छ.

काटा पहिल्यांदाच २.२ ला पोचला, पंप बंद झाला, मी "जमलं!" म्हणून ओरडलो, आणि पंप चालू झाला. बंद. चालू. टकटक, टकटक. शॉवर खोकल्यासारखा उसळत होता. हा दुसरा आजार आधीपासूनच असणार, पण पंप बंदच होत नव्हता तर दिसणार कसा?

टाकी बोटाने वाजवली तर खालपासून वरपर्यंत ठस्स आवाज. हवेच्या बाजूची टायरसारखी पिन दाबली: ना हवा, ना पाणी. पाणी आलं असतं तर फुगा फाटलेला. काहीच नाही म्हणजे फुगा शाबूत, हवा मात्र सगळी गेलेली. दबायला हवाच नाही, म्हणून दाब क्षणात चढतो, क्षणात उतरतो आणि पंप टकटक करतो. थुंकी लावून पाहिली. वीज घालवून, तोट्या उघडून टाकी रिकामी केल्यावर आणि सायकलच्या पंपाने थोडी हवा भरल्यावर पिनेजवळ बारीक बुडबुडा फुगत होता. पंक्चरवाल्याकडून नवी पिन आणली. १४ पीएसआय भरले, म्हणजे चालू होण्याच्या आकड्यापेक्षा (१.२ किलो म्हणजे साधारण १७ पीएसआय) जरा खाली. पाणी भरलेलं असताना हवा मोजू नका, काटा तेव्हा पाण्याचाच दाब दाखवतो. आता पंप बंद झाल्यावर टाकी जवळपास सात लिटर देते आणि मगच पंप उठतो.

उरलं काय, तर मागचं मोरीघर. तिथे धार अजून करंगळीएवढीच. वडिलांच्या काळातला अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आहे. एक तुकडा कापून डोळ्याला लावला तर गंजाने भोक पेन्सिलीएवढं राहिलंय. व्यास निम्मा झाला की तेवढंच पाणी न्यायला साधारण तीसपट दाब खर्ची पडतो, त्यामुळे तिथे पंपाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. सव्वाशे फूट पाइप बदलायचा आहे, तो दिवाळीनंतर.

त्याआधी मृग. ७ जूनच्या आत पंप अँगलवरून काढून रहाटाने वर घ्यायचा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात तो बुडतो. म्हणजे तोच युनियन परत उघडणार. वॉशर दोन जास्तीचे आणून फळीवर ठेवलेत.