फोर-व्हील कधी टाकावी आणि कधी काढावी

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मनालीहून ग्राम्फू, बातल आणि कुंझुम खिंड ओलांडून मी हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातील काझ्याला पोहोचलो, तेव्हा दिवसभराच्या दगडधोंड्यांनी अंग आंबून गेले होते आणि त्या थकव्यात लोसरच्या पुढे डांबरी पट्टा लागल्यावर गाडी फोर-एचमधून (इंजिनाची ओढ चारही चाकांना) टू-एचमध्ये (ओढ फक्त मागच्या चाकांना) आणायची राहून गेली. काझ्याच्या पेट्रोल पंपावर मी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवायला घेतली, तेव्हा ती आडून बसली. क्लच सोडला की एक आचका देऊन पुढे सरकायची आणि पुन्हा थांबायची, आणि पुढच्या टायरमधून फरशी घासल्यासारखा आवाज यायचा. चूक लक्षात येऊन फोर-व्हीलचा दांडा ओढला, तर तो जागचा हलेना. शेजारी उभ्या असलेल्या एका स्थानिक चालकाने खिडकीशी येऊन सांगितले की, चाके सरळ करा, दहा-पंधरा फूट सरळ मागे घ्या आणि मग ओढा. तसे केल्यावर खालून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा मागे आला. त्या आवाजाचा अर्थ मी नंतर नीट समजून घेतला, आणि थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्या घेणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

वळणावर गाडीची पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सुमारे 2.45 मीटर असलेल्या गाडीने, मागच्या एक्सलचा (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाचा) मध्य पाच मीटर त्रिज्येवर राहील असा अर्धा वळसा घेतला, तर मागचा एक्सल सुमारे 15.7 मीटर आणि पुढचा सुमारे 17.5 मीटर चालतो. फरक पावणेदोन मीटरच्या वर जातो, म्हणजे एका चाकाचा जवळपास पाऊण फेरा. कायमस्वरूपी चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा फरक सांभाळण्यासाठी मध्यभागी एक डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, असते. पार्ट-टाइम पद्धतीत, म्हणजे गरजेपुरती फोर-व्हील टाकायच्या गाड्यांत, ते नसते. ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, एक्सलकडे ओढ नेणारे पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते आणि दोघांना एकाच गतीने फिरायला लावते. माती, वाळू, खडी किंवा बर्फ असेल, तर एखादे चाक किंचित घसरते आणि तो पाऊण फेरा तिथेच जिरतो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरू शकत नाही, म्हणून तो फरक शाफ्ट, जॉइंट आणि गिअरच्या दातांमध्ये ताण बनून साठत जातो. दांडा अडकतो तो या ताणामुळे, आणि सरळ मागे गेल्यावर येणारा आवाज हा ताण सुटल्याचा असतो. अशा वेळी जोर लावून दांडा ओढणे म्हणजे आतल्या दातांवर घाला घालणे होय.

पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा गगनबावड्याच्या घाटात रस्ता ओला आहे म्हणून तळापासून माथ्यापर्यंत फोर-एच टाकून जाणारे अनेकजण भेटतात, आणि मला त्यांची काळजी वाटते. ओल्या डांबरालाही पुरेशी पकड असते. तिथे नागमोडी वळणांवर बांधलेल्या चाकांची गाडी स्टिअरिंगला हवी तितकी वळत नाही आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते, म्हणजे नेमकी दरीकडे किंवा समोरून येणाऱ्या एसटीकडे. दरडीची माती रस्त्यावर पसरली असेल, तर तेवढ्या पट्ट्यापुरती फोर-एच टाकावी आणि पलीकडे गेल्यावर काढावी. शिवाय चारही चाकांची ओढ गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. चढ सहज चढला म्हणून उतारावरही गाडी तितकीच ऐकेल, असे मानणे धोक्याचे आहे.

लांबच्या प्रवासात मी पाळतो तो नियम असा की, निर्णय अडकण्याआधी घ्यायचा. फोर-एच बहुतेक गाड्यांत चालता चालता टाकता येते, मात्र चाके सरळ हवीत, कोणतेही चाक जागच्या जागी फिरत नसावे आणि वेग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत असावा. फोर-एलसाठी, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरसाठी, गाडी पूर्ण थांबवावी लागते. चिखलात रुतल्यानंतर, मागचे चाक गरगरत असताना दांडा टाकणे हा सर्वांत वाईट मुहूर्त होय. स्पितीतल्या नाल्यांना बर्फ वितळून दुपारी पाणी चढते, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडावेत आणि फोर-एल काठावर थांबूनच टाकावी. पाण्याच्या मधोमध क्लच दाबू नये आणि गिअरही बदलू नये. फोर-एलमध्ये चाकांवरचा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो, त्यामुळे क्लच जळत नाही आणि दगडावर चाक ठेवून गाडी हळुवार उतरवता येते. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा: प्रत्येक एक्सलवर डाव्या-उजव्या चाकांमध्येही एक डिफरन्शिअल असते, आणि ती दोन चाके एकत्र बांधणारे डिफरन्शिअल लॉक नसेल, तर चारही चाकांना ओढ मिळेलच असे नाही. पुढचे एक आणि तिरके मागचे एक चाक अधांतरी झाले, तर ती दोनच फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून खड्ड्यांची वाट आधी पायी उतरून पाहावी.

ट्रॉली ओढताना हे सगळे गणित अधिक नाजूक होते. देवगड तालुक्यात माझ्या मामांची हापूसची बाग आहे, आणि मे महिन्याच्या अखेरीस क्रेट भरलेली लहान ट्रॉली बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे असते. वीस किलोंचे वीस क्रेट आणि ट्रॉलीचे स्वतःचे वजन धरले, तर सहाशे किलोंच्या आसपास भार होतो. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे साठेक किलो, गाडीच्या हुकवर यावा अशा रीतीने क्रेट ट्रॉलीच्या चाकांच्या किंचित पुढे रचावेत. भार मागे गेला की हूक उचलला जातो आणि ट्रॉली हेलकावे खाऊ लागते. मात्र हुकवरचा भार गाडीचे मागचे टोक दाबतो आणि पुढचे उचलतो, म्हणजे ज्या चाकांनी दिशा ठरवायची तीच हलकी होतात.

वळवाची एखादी सर येऊन गेली की जांभ्याची लाल माती शेवाळासारखी निसरडी होते. अशा उतारावर टू-एचमध्ये फक्त मागची चाके इंजिनाच्या रेट्याने गाडी आवरतात. ती घसरली की मागून ट्रॉली ढकलते आणि गाडी व ट्रॉली काटकोनात दुमडण्याची भीती असते. फोर-एलमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर ठेवला, तर तोच आवर चारही चाकांवर वाटला जातो आणि ब्रेकला फार हात लावावा लागत नाही. चढावर भरलेली ट्रॉली हलवतानाही फोर-एलच योग्य आहे. मागच्या हंगामाआधी टू-एचमध्ये अर्धा क्लच धरून ट्रॉली चढवण्याच्या हट्टापायी मी क्लच प्लेट जाळली आणि तो जळका वास दोन दिवस गाडीतून गेला नाही.

घोटाळा होतो तो मामांच्या खळ्यात. खळे जांभ्या चिऱ्यांचे, टणक. ट्रॉली मागे लावताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे लागते, आणि फोर-एलमध्ये तसे केले की काझ्याच्या पंपावरचा प्रकार पुन्हा घडतो. त्यामुळे ट्रॉली मी खळ्याबाहेरच्या मातीतच फिरवून घेतो आणि चिऱ्यांवर चाक टेकण्याआधी टू-एचमध्ये येतो.

टायरबद्दल थोडेसे. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि पुस्तिकेप्रमाणे हवा भरलेले असावेत. पुढे नवी जोडी आणि मागे गुळगुळीत जोडी असेल, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही एक्सलच्या गतीत फरक पडतो आणि ताण साठतो. वापर नसला, तरी महिन्यातून एकदा दोन-चार किलोमीटर कच्च्या वाटेवर फोर-व्हील टाकून गाडी चालवावी, म्हणजे आतले तेल सगळीकडे पोहोचते आणि दांडा गंजल्यासारखा घट्ट होत नाही.

बागेच्या फाटकाशी लाल माती संपते आणि डांबर सुरू होते, तिथे मी दरवेळी थांबतो. पहिल्या वर्षी मामा ट्रॉलीवर बसून ओरडले होते, “आधी चाकां सरळ कर रे, मगे दांडो ओढ.” आता ते फाटक उघडून बाजूला उभे राहतात आणि दांडा मागे आल्याचा आवाज ऐकला की हात करून रस्ता मोकळा असल्याचे सांगतात.