तात्यांशिवाय कुणकेश्वराची वारी

आचऱ्याच्या रामेश्वराला नारळ ठेवून आम्ही महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री कुणकेश्वराकडे चालत निघतो. पंढरीइतकी लांबची वाट नाही. खाडीवरचा पूल ओलांडला की मुणगे, मिठबाव, कातवण असं समुद्राच्या अंगानं जायचं. पण तात्या तिला वारीच म्हणायचे, म्हणून आम्हीही. यंदा ते नव्हते. श्रावणात गेले.

तात्या माझे थोरले काका. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीत शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन परतले. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात त्यांची पलटण तिथल्या जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री पाकिस्तानी फौज ती नाकेबंदी फोडायला पुन्हा पुन्हा चालून आली, पण रस्ता मोकळा झाला नाही. सकाळी जमालपूर पडलं. हे सगळं मला वाचून कळलं. तात्या बोलायचे ते तिथे पडलेल्या सोबत्याच्या बायकोबद्दल. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पलटणीच्या दप्तरात तिचं माहेरचं नाव राहिलं, रेशनकार्डावर सासरचं. तेवढ्यावर पेन्शन अडली. कडेवर पोर घेऊन ती कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली. पुढच्या रजेत तात्यांनी आधी तिचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, मग स्वतःच्या घराची कौलं परतली.

निवृत्तीनंतर तर तो त्यांचा रोजचाच धंदा झाला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो मोबाइलला जोडलेल्या यंत्रावर अंगठा देऊन होतो, पण जन्मभर भात लावलेल्या, मासळी साफ केलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र काही केल्या घेत नाही. तात्या कोमट पाण्याचा तांब्या मागवायचे, एकेक बोट धुऊन फडक्यानं कोरडं करायचे. “हात सैल सोड गे,” म्हणायचे. अंगठ्यावर भागलं नाही तर तर्जनी, मग मधलं बोट. घाई नाही, चिडचिड नाही. माझ्या मते त्यांची खरी बहादुरी मी तिथे पाहिली.

घरीही तेच. मुलांच्या जन्माला ते कधी घरी नव्हते, याची त्यांना फार रुखरुख. पेन्शनीत आल्यावर पहाटे उठून विहिरीचं पाणी तेच काढायचे, चूल पेटवायचे, नातीची वेणीसुद्धा घालायचे. काकू ओरडायची, तरी ऐकायचे नाहीत. वारीत तिची बिनसाखरेच्या चहाची किटली त्यांच्याच हातात. चालायचे सगळ्यांच्या मागे, म्हणजे दमलेलं माणूस अंधारात एकटं राहायला नको.

यंदा मुणग्यात चहाला थांबलो, तर एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन वाट बघत बसलेली. “सुभेदार खंय आसत?” तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे गप्प झालो. मग वहिनी, म्हणजे तात्यांची सून, पुढे झाली. आजीला जवळ घेतलं, काय झालं ते सांगितलं. आजी पदर तोंडाला लावून रडली आणि कागद परत आवरायला लागली. वहिनीनं पिशवी धरली. “बस गे आये. कागद दाखय माका.” दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दोघी पाऊण तास बसल्या. दिंडी तोवर खोळंबली, कोणीही कुरकुरलं नाही. शेवटची चार वर्षं तात्यांचं मोबाइलवरचं सगळं काम वहिनीच करत होती, हे आमच्यातल्या कितीतरी जणांना तेव्हा कळलं.

मिठबावला गजबादेवीपाशी उजाडलं. कलमांना मोहोर मायंदाळ होता, वारा खारा. काकू रिक्षात न बसता तिथून पुढे चालली. ऐकेना.

कुणकेश्वराला रांग पार वाळूपर्यंत आली होती. तात्यांच्या नावानं अभिषेक करायचा होता, तांब्या काकूकडे. रांगेतच वहिनीनं मुणग्याच्या आजींच्या मुलाला फोन लावला. आजींच्या नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकाचं, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेचं, मधलं एक पान कमी होतं, त्यावरच बायकोचं नाव असायला हवं. पान ट्रंकेत सापडलं होतं.

“फोटो नको, पानच आणा,” वहिनी म्हणाली. “बुधवारी सकाळी. आणि आजींना सोबत घेऊन या.”