उमरेडकडच्या शेतातून दिसलेला सारस

भाऊबीजेला ताईकडे उमरेडजवळ गेलो, तेव्हा मुलांना बक (म्हणजे बगळा; इंग्रजीत Grus) तारकासमूह दाखवायचाच असं ठरवलं होतं. आधी नागपुरात गच्चीवरून दोनदा पाहिलं होतं, पण दक्षिणेकडच्या दिव्यांच्या उजेडात एक-दोन ठळक ताऱ्यांपलीकडे काही दिसलं नाही. त्यामुळे शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे नागपूरचा उजेड पाठीमागे राहतो. भाऊबीजेची चंद्रकोर लवकर मावळते, हा आणखी एक फायदा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री आठला हा समूह बरोबर दक्षिणेला येतो. आधी मीनास्य (Fomalhaut) शोधा; त्या भागात तो एकटाच तेजस्वी तारा आहे. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. मीनास्य क्षितिजापासून चार मुठी वर, आणि त्याच्या खाली, किंचित उजवीकडे, दोन मुठींवर अलनायर, बकातला सर्वांत ठळक तारा. मुलांच्या मुठीनेही मोजमाप जमतं, कारण त्यांचा हातही तेवढाच आखूड असतो.

अलनायर निळसर पांढरा, डावीकडचा बीटा, बकातला दुसरा ठळक तारा, तांबूस. दुर्बिणीतून हा फरक माझ्या सात वर्षांच्या मुलीनेच आधी सांगितला. अलनायरचा उजेड निघून सुमारे १०० वर्षं झाली, म्हणजे तेव्हा आपले पणजोबा असतील, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

मग बीटापासून उजवीकडे वर चढत जाणारी बारीक ताऱ्यांची तिरपी रांग, म्हणजे पक्ष्याची मान, दाखवली. तिच्यात एक जोडतारा नुसत्या डोळ्यांनीही सुटा दिसतो. पोरगा म्हणाला, "बाबा, हा बगळा नाही, सारस आहे!" गेल्या वर्षी गोंदियाला धानाच्या बांधीवरून सारसाची जोडी उडताना त्याने पाहिली होती. बगळा उडताना मान आखडून घेतो, सारस सरळ ताणतो. इथली मान ताणलेलीच आहे. १५९० च्या दशकातल्या डच खलाशांच्या निरीक्षणांवरून हा समूह आखला गेला, १६०३ मध्ये तो जर्मन नकाशाकार बायरच्या नकाशात आला. त्या नकाशातही तो क्रौंचच, म्हणजे सारसाच्या कुळातला पक्षी, आहे. नाव बक असलं, तरी आमच्या घरी आता तो सारसच.

दक्षिणेला झाडं नसलेला बांध दिवसाच हेरून ठेवा. पायात बूट हवेतच, तुरीच्या शेतात अंधारात साप दिसत नाही. टॉर्चवर लाल कागद लावा, मोबाइल खिशात ठेवा, मुलांना स्वेटर घाला. दहानंतर पक्षी नैऋत्येच्या धुरकटात उतरू लागतो, म्हणून जेवण आधीच उरकून घ्या.