बंड म्हणायचं की संप?

सैनिकांचं बंड म्हटलं की आधी माझ्या डोळ्यासमोर जाळपोळ आणि अधिकाऱ्यांचे मुडदेच यायचे. वाचत गेलो तसं कळलं की सुरुवात बहुतेक वेळा ताटापासून होते. १९०५ ला रशियाच्या पोटेमकिन युद्धनौकेवर मांसात अळ्या निघाल्या आणि जहाजाच्या डॉक्टरने ते खाण्यालायक ठरवलं, १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांचा भडका उडाला तोही निकृष्ट जेवण आणि कमांडरच्या शिव्या यावरून.

पण मला सगळ्यात जास्त अडकवलं ते पहिल्या महायुद्धातल्या, १९१७ च्या फ्रेंच सैन्याने. त्यांचा सेनापती जनरल निव्हेल म्हणाला ४८ तासांत जर्मन फळी फोडतो, एप्रिलमध्ये हल्ला झाला आणि लाखाच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, फळी काही फुटली नाही. मग जवळपास निम्म्या डिव्हिजनमध्ये लोक अडून बसले. आणि त्यांचं म्हणणं बघा, बहुतेकांनी सांगितलं आम्ही खंदक सोडत नाही, जर्मन आले तर लढू, पण असल्या हल्ल्याला पुन्हा जाणार नाही. याला मी तरी संपच म्हणेन. निव्हेलच्या जागी आलेल्या पेताँने पाचशेच्या वर जणांना मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली त्यातल्या बहुतेकांची माफ केली, काहींना मात्र खरंच गोळ्या घातल्या, आणि सोबत मोठे हल्ले थांबवले, जेवण सुधारलं, दर चार महिन्यांनी सात दिवस रजा पक्की केली. म्हणजे मागण्या रास्त होत्या हे वरच्यांना कळतच होतं ना, मग त्यासाठी माणसं मारावी का लागली याचा मला अजून राग येतो.

२३ एप्रिल १९३० चं पेशावर मात्र यात कुठेच बसत नाही. किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांची गर्दी, समोर ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातल्या गढवाल रायफल्सचे जवान, गोळीबाराचा हुकूम आला आणि चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी तो मानला नाही. पगार नाही, रजा नाही, स्वतःच्या जिवाचाही प्रश्न नाही, उलट हुकूम मोडण्यातच जिवाला धोका होता. फ्रेंच जवान मरायला नाही म्हणाले, हे मारायला नाही म्हणाले, आणि मला हे दुसरं जास्त अवघड वाटतं. त्या दिवशी दुसऱ्या तुकड्यांनी गोळ्या झाडल्याच, माणसं मेलीच. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, सुटले ते १९४१ ला.