मे महिना, पेटारा आणि लाखेच्या तबकड्या

आजचा अख्खा दिवस धुळ्यात जुना पेटारा उपसण्यात गेला. वर साठ-सत्तरच्या दशकातल्या फिल्मी एलपी (विनाइलच्या लाँग-प्ले तबकड्या), तळाशी नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. दोन्ही काळ्याच, पण निगा अगदी वेगळी.

७८ची तबकडी लाखेची. तिला स्पिरिट लावलंत की संपलं. लाख अल्कोहोलात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि हात खाचांच्या दिशेनंच फिरवायचा. मधलं लेबल कोरडंच ठेवा. वाळवायची सावलीत, उभी. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत गच्चीवर ठेवली तर पापडासारखी वाकते.

एलपीची सुई टोकाशी साधारण ०.०१८ मिमी त्रिज्येची, ७८ला ०.०७५ मिमीची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते. मग बुवांपेक्षा खरखरच जास्त! जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई दर बाजूला बदलायची. इथे कंजूषी केली की खाच खरवडलीच.

खरी गंमत वेगाची. १९२५च्या आधीची, मायक्रोफोनऐवजी भोंग्यासमोर गायलेली ध्वनिमुद्रणं नेमक्या ७८वर असतीलच असं नाही. साडेचार फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळपास अर्धा सूर वर-खाली: हार्मोनियमच्या काळी एक पट्टीचा गायक शेजारच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. गायकाची पट्टी माहीत असेल तर हार्मोनियम जवळ घ्या, षड्ज जुळेपर्यंत वेग फिरवा. दहा इंचीत जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात, तेवढ्यात अख्खा राग उभा करायचा म्हणजे चेष्टा नव्हे.

आणि हो, तबकड्या आडव्या रचू नका. तळची तडकते.